गर्भिणीचे ताट



डोहाळजेवणाचा थाट आपण सर्वांनी पाहिलेला आहे. फुलांनी मढविलेला झोपाळा, हिरवी साडी नेसलेली लेक किंवा सून, ताटाभोवती रांगोळी आणि ताटात पंचपक्वान्ने. त्या एका दिवशी घरातील सारी मंडळी तिला आग्रह करकरून वाढतात. दुसऱ्या दिवशी घराचा जुना क्रम पुन्हा सुरू होतो. आधी पुरुषांची पंगत, मग मुले, मग वडीलधाऱ्या बायका, आणि सर्वांच्या मागून, पातेल्याच्या तळाशी जे उरले असेल त्यावर, तीच गर्भिणी. आज मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या दिवसाच्या ताटाविषयी.

गरोदरपणी स्त्रीचे रक्त का आटते, या प्रश्नाचे उत्तर तिच्या ताटात शोधावे, ही गोष्ट आज इतकी सरळ वाटते की ती कोणालाही केव्हाही सुचली असती असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. गर्भिणीला 'तू काय खातेस?' असा साधा प्रश्न शास्त्रीय काटेकोरपणाने विचारला गेला तो १९२८ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांत, आणि तो विचारला गेला आपल्या मुंबईत. तेथे मिळालेल्या उत्तराने पुढे साऱ्या जगाच्या वैद्यकात भर घातली. आपल्या घरांत मात्र ही हकीकत फारशी कोणी सांगत नाही.

पांडुरोग आपल्या वैद्यांना अपरिचित होता असे कोणी समजू नये. चरकसंहितेत त्याच्यावर स्वतंत्र अध्याय आहे, त्यावरील औषधांत लोहाचे कल्प आहेत, आणि पांडूच्या प्रकारांत माती खाल्ल्याने होणारा पांडू हा एक प्रकार वेगळा सांगितलेला आहे. या मातीची गंमत पाहण्यासारखी आहे. गरोदर बायकांना चुलीची भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते, आणि त्याला त्या डोहाळे म्हणून हसत असत. आधुनिक डॉक्टर सांगतात की ही ओढ पुष्कळदा अंगात लोह कमी पडल्याची खूण असते. आणि पोटात गेलेली काही प्रकारची माती अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, हेही खरे. म्हणजे प्राचीनांनी जिला कारण म्हटले आणि अर्वाचीनांनी जिला लक्षण म्हटले, ती माती दोन्ही बाजूंनी दोषी ठरते!

चरकाच्या शारीरस्थानात गर्भिणीचा महिनावार आहारही दिलेला आहे. पहिल्या महिन्यात दूध, तिसऱ्यात दूध मधतुपाबरोबर, चौथ्यात लोणी, असा तो क्रम आहे. परंतु ग्रंथातले पथ्य आणि घरातली रीत यांत नेहमीच अंतर राहिले. आपल्याकडे पुष्कळ घरांत समजूत अशी की, गरोदर बाईने पोटभर खाऊ नये. मूल फार वाढले तर बाळंतपण अडते. या समजुतीला केवळ खुळी म्हणून उडवून लावणे मला बरे वाटत नाही. शस्त्रक्रियेची सोय नव्हती त्या काळी मूल आडले की आईचे मरण ठरलेले. त्या भयातून हे अर्धपोटी राहणे जन्मले. त्याची भरपाई म्हणून बाळंतपण झाल्यावर मात्र डिंकाचे लाडू, खारीक, शेपूची भाजी, अळिवाची खीर यांचा मारा सुरू होई. अळीव हा लोहाचा उत्तम साठा आहे यात शंका नाही. पण तो ताटात येतो केव्हा? रक्त सांडून झाल्यावर.

सांडणाऱ्या रक्ताचा हिशेब प्रथम मांडला तो रुग्णालयांनी. घराच्या अंधाऱ्या खोलीत बाळंतीण गेली की ती दैवाने गेली असे म्हणत. रुग्णालयात गेली की तिची नोंद होई. १८८५ साली व्हाइसरॉय डफरिन यांच्या पत्नीच्या नावाने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीचा निधी निघाला आणि त्याच्या पाठोपाठ देशभर डफरिन रुग्णालये निघाली. नागपूरच्या डफरिन रुग्णालयात एका तरुण विधवेने परिचारिकेचे शिक्षण घेतले. त्या कमलाताई होस्पेट. बाळंतपण करणे हे त्या काळी पांढरपेशा घरांत हलके काम समजले जाई, आणि विधवेने ते करावे हे तर कोणाला रुचणारेच नव्हते. त्यांनी वेणूताई नेने यांना बरोबर घेऊन १९२१ साली नागपुरात मातृसेवा संघ स्थापन केला. सीताबर्डी आणि महाल येथील या संघाची सूतिकागृहे नागपूरकरांच्या चांगल्या परिचयाची आहेत. कमलाताईंना १९६१ साली पद्मश्री मिळाली. परंतु त्यांच्या कामाचे मोल मला वाटते ते असे की, परक्याच्या दवाखान्यात पाऊल न टाकणाऱ्या घरांतल्या बायकांना त्यांनी घरासारखी जागा दिली. बाई डोळ्यांसमोर आल्यावाचून तिचा पांढरा पडलेला चेहरा दिसणार तरी कोणाला?

हा चेहरा साऱ्या देशातील डॉक्टरीणबाईंना सतावीत होता. सातव्या-आठव्या महिन्यात बाई येई ती पायावर सूज, चार पायऱ्या चढताच धाप, ओठ आणि पापण्यांच्या आतली कड पांढरीफटक, अशा स्थितीत. निरोगी बाईला सहज सोसेल एवढा रक्तस्राव तिला प्राणघातक ठरे. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे रक्त पाहिले तर आणखी एक चमत्कार दिसे. तांबड्या पेशींची संख्या घटलेली, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. अशाच मोठ्या पेशी युरोपात 'घातक रक्तक्षय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुखण्यात सापडत. मग हे तेच दुखणे, की दुसरे? जंतूंचे, की गर्भाच्या विषाचे, की उष्ण हवेचे? तर्क पुष्कळ होते.

मार्गारेट बालफोर या स्कॉटिश डॉक्टरीणबाईंनी हिंदुस्थानातील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत अनेक वर्षे काढली होती. त्यांच्या बोलावण्यावरून १९२८ साली लंडनहून ल्यूसी विल्स मुंबईस आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. मातामृत्यूंच्या चौकशीचा तो एक भाग होता आणि खर्च भारतीय संशोधन निधी संस्थेचा होता. विल्स तेव्हा चाळिशीच्या होत्या. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र शिकून मग त्या वैद्यकाकडे वळलेल्या. अविवाहित, डोंगर चढण्याची हौस असलेल्या आणि प्रयोगशाळेत जितक्या रमत तितक्याच खाटेजवळ रमणाऱ्या.

त्यांनी आधी जंतू शोधले. रोगी बायकांच्या मलाची तपासणी केली, पुष्कळ खटपट केली. दोषी म्हणून बोट दाखवावे असा जंतू सापडला नाही. मग त्यांनी दुसरी वाट धरली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचा कणा म्हणजे ही दुसरी वाट होय. तळपदे नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली व ती १९३० साली प्रसिद्ध केली. कोणत्या समाजातील, कोणत्या मिळकतीच्या घरातील बाई काय खाते, किती खाते, कशा जागेत राहते, आणि तिला हे दुखणे होते की नाही, याची ती तपासणी. तळपदे हे आडनाव मुंबईच्या मराठी कानांना घरचे आहे. तरीही या कामाची आठवण काढताना सारे श्रेय आपण गोऱ्या नावाच्या पदरात टाकून मोकळे होतो.

दिसून आले ते असे की, ज्या वर्गातील बायकांचा आहार सर्वांत निकस, त्याच वर्गात हे दुखणे सर्वांत अधिक. मुंबईतील गरीब मुसलमान बायका या दोन्ही बाबतीत पुढे होत्या. येथे धर्माचा संबंध जोडणे चुकीचे होईल. त्यांच्या वाट्याला गरिबी होती, ताज्या भाजीपाल्याची वाण होती, आणि त्यातच पडद्याची चाल होती. त्याच शहरात, त्याच हवेत, त्याच पाण्यावर सुस्थितीतील बायका बऱ्या राहत होत्या. हवेला आणि जातीला दोष देण्याची सोय या पाहणीने काढून घेतली.

पाहणीने संशय निर्माण होतो, पुरावा मिळत नाही. म्हणून विल्स यांनी उंदरांवर प्रयोग केले. १९२९ साली काही महिने त्या निलगिरीतील कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत गेल्या. तेथे रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन आहारावर संशोधन करीत होते. मुंबईच्या त्या बायका खात तसलेच अन्न गाभण उंदरिणींना घातले, तेव्हा त्यांचे रक्त आटले आणि पुष्कळशा विण्यापूर्वीच मेल्या. अन्नात यीस्ट मिसळले की त्या वाचत. इतके सरळ उत्तर हाती आल्यावर कोणालाही आनंद व्हावा! पण पुढे ध्यानात आले की उंदरांचा हा रक्तक्षय त्यांच्या अंगावरील उवांनी पसरविलेल्या एका जंतूचा होता. म्हणजे प्रयोगाचा पाया कच्चा, आणि त्यावरून निघालेली दिशा बरोबर. शास्त्राच्या इतिहासात असे योग असतात. इतिहासकारांना ते आवडत नाहीत, कारण त्यांच्यामुळे गोष्टीची बांधणी बिघडते. मला मात्र ही उवांची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

आता यीस्ट माणसाला देऊन पाहावयाचे होते. विलायतेत मार्माइट नावाचा एक काळसर, खारट, चिकट पदार्थ मिळे. दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टचा तो अर्क. पावाला लावून खाण्याची ही वस्तू विल्स यांनी मुंबईतील रोगी बायकांना औषध म्हणून दिली. थोड्याच दिवसांत रक्तात नव्या, कोवळ्या पेशी दिसू लागत. मग बाईला भूक लागे, मग तिच्या तोंडावर रंग येई. १९३१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. घातक रक्तक्षयावर प्राण्यांचे यकृत खाऊ घालण्याचा उपचार १९२६ साली अमेरिकेत निघाला होता, आणि कच्च्या यकृताचा अर्क या बायकांनाही गुण देई. पण यकृत महाग, आणि आपल्याकडील कितीतरी बायकांना ते खा म्हणणे म्हणजे उपचार नको म्हणण्यासारखेच. यीस्टला ना विटाळ ना फार किंमत. पुढे बिलिमोरिया यांच्याबरोबर विल्स यांनी माकडांना निकृष्ट अन्न देऊन तसाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय निर्माण करून दाखविला, आणि या वेळी मध्ये उवा नव्हत्या.

१९३७ व १९३८ साली त्यांनी आणखी एक पायरी ओलांडली. यकृताचे अधिकाधिक शुद्ध केलेले अर्क घातक रक्तक्षयावर उत्तम चालत, पण या उष्ण प्रदेशातील रक्तक्षयावर चालत नसत. कच्चा अर्क आणि यीस्ट मात्र चालत. अर्थ उघड होता. अर्क शुद्ध करताना जे फेकून दिले जात होते, त्यातच या बायकांचे औषध होते. त्या अनोळखी द्रव्याला डॉक्टर मंडळी 'विल्स घटक' म्हणू लागली.

प्रयोगशाळेत हे चालले असता बाहेर काय चालले होते, तेही पाहिले पाहिजे. कारण ताट मजुरीवर अवलंबून असते. विल्स मुंबईस आल्या ते १९२८ साल गिरणी कामगारांच्या सहा महिन्यांच्या संपाचे. त्याच वर्षी २८ जुलै रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले की, बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. १९२९ साली मुंबईचा आणि १९३० साली मध्यप्रांताचा प्रसूतिभत्ता कायदा झाला. मध्यप्रांताचा म्हणजे नागपूरचा. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल या शहराच्या मध्यात उभी होती आणि तिच्या भोंग्यावर हजारो घरांच्या चुली पेटत. आज ती गिरणी नाही. तिच्या जागी बाजार आहे. तिच्यात काम करणाऱ्या बाईला कायद्याने प्रथमच म्हटले की, तू पोटुशी आहेस म्हणून तुझे पोट मारले जाणार नाही. कायद्याची अंमलबजावणी कशी झाली हा निराळा, आणि फारसा सुखाचा नसलेला, विषय आहे.

पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपुरातच दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायकांसमोर आंबेडकरांनी सांगितले की लग्नाची घाई करू नका, आणि फार मुले होऊ देणे हा अपराध समजा. हा उपदेश सामाजिक म्हणून सांगितला जातो. रक्ताच्या दृष्टीनेही तो तंतोतंत खरा आहे. एका गरोदरपणाला अंगातून सुमारे एक ग्रॅम लोह लागते. सोनाराच्या काट्यावर सांगावयाचे तर एक मासा. काही गर्भाला, काही वारेला, काही आईच्या वाढत्या रक्ताला, काही प्रसूतीत सांडते. मासाभर लोह ते काय, असे वाटेल. पण भाकरी-वरण-भाजीतील लोहापैकी शंभरात पाच-दहा भागच अंगी लागतात. ही उचल फिटावयास कित्येक महिने जातात. दीड वर्षात दुसरे मूल, पुन्हा दीड वर्षात तिसरे, असे झाले म्हणजे जुने कर्ज फिटण्यापूर्वी नवे उभे राहते, आणि अशा खात्यावर सावकार आपली वसुली बाळंतपणाच्या रात्री करतो.

येथे एक भेद स्पष्ट करतो. विल्स यांना मुंबईत भेटलेला रक्तक्षय मोठ्या पेशींचा. लोहाच्या अभावाने होणाऱ्यात पेशी लहान व फिक्या होतात. गरीब बाईच्या अंगी पुष्कळदा दोन्ही एकत्र नांदतात, वर शेतातून अनवाणी हिंडण्याने आलेला अंकुशकृमी आणि पावसाळ्यातला हिवताप हे भागीदार असतात. म्हणून एकच औषध देऊन सर्वांना गुण येत नाही.

लोहाचा प्रश्नही विल्स यांनी हाताळला, पण लंडनमध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत. त्या काळच्या इंग्लंडची एक गोष्ट आपल्या डोहाळजेवणाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. अन्न तोलूनमापून मिळत होते, वरून बॉम्ब पडत होते, आणि तेथील सरकारने ठरविले की गर्भिणीचा वाटा पहिला. १९४० सालापासून तिला रोज दूध, स्वस्तात किंवा फुकट. पुढे संत्र्याचा रस आणि कॉड माशाचे तेलही. रॉयल फ्री रुग्णालयात विल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोह दिलेल्या व न दिलेल्या गर्भिणींच्या रक्ताची तुलना केली आणि १९४७ साली ती प्रसिद्ध केली. त्याच राज्यकर्त्यांच्या अमलाखाली १९४३ साली बंगालमध्ये माणसे रस्त्यावर उपाशी मेली, हेही त्याच पानावर लिहून ठेवले पाहिजे. संत्री पिकविणाऱ्या नागपूरच्या गर्भिणीला संत्र्याचा रस सरकारने कधी पाजल्याचे माझ्या ऐकिवात नाही. संत्र्यातील क जीवनसत्त्व धान्य-डाळीतले लोह अंगी लावण्यास मोठी मदत करते, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा तेच लोह अडवून धरतो. आमच्या घरांत जेवण झाल्याबरोबर हाती येते ते काय, हे श्रोत्यांना सांगावयास नको.

विल्स घटकाचा छडा अखेर अमेरिकेत लागला. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालक घेऊन त्यातून एक जीवनसत्त्व काढण्यात आले. पानातून काढले म्हणून लॅटिन भाषेतील पानाच्या नावावरून त्यास फोलिक आम्ल म्हणू लागले. चार टन पालक! भाजीबाजारात गाडाभर भाजी घेऊन बसणाऱ्या आमच्या बायकांना हे ऐकून हसू येईल. त्यांच्या पाटीत ते द्रव्य होते, आणि पालक पाण्यात फार वेळ शिजवून ते पाणी टाकून देणाऱ्या स्वयंपाकघरांत ते वाया जात होते. १९४५ साली लेडर्ली प्रयोगशाळेतील मंडळींनी हे आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. त्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचा भाऊ तरुणपणी संग्रहणीसारख्या स्प्रू नावाच्या दुखण्याने गेला होता. त्या दुखण्यावरही हेच द्रव्य उपयोगी पडते. सुब्बाराव १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये वारले, विल्स १९६४ साली लंडनमध्ये. आणि १९९१ साली एका मोठ्या प्रयोगाने सिद्ध झाले की गर्भधारणेच्या आधीपासून हे आम्ल घेतल्यास मुलाच्या पाठीच्या कण्यातील जन्मजात दोष पुष्कळ टळतात. परळच्या चाळींतून निघालेला प्रश्न एवढा दूरवर गेला.

स्वतंत्र भारताने १९७० साली गर्भिणींना लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम हाती घेतला. २०१८ साली त्याला 'अॅनिमिया मुक्त भारत' हे नवे रूप आले. औषध माहीत आहे, ते स्वस्त आहे, सरकार ते फुकट देते. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शंभर गर्भिणींपैकी ५२ रक्तक्षयी निघाल्या. हा आकडा मी वारंवार वाचतो आणि प्रत्येक वेळी थबकतो. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, पोट बांधून येते. बाई घाबरते, सासूबाई म्हणतात मूल काळे होईल, आणि गोळ्यांची पुडी पेटीच्या तळाशी जाते. या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्या कोणी बसून ऐकल्या तर त्यांवर उपायही आहेत: गोळी रात्री झोपताना घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये, काळा रंग निरुपद्रवी आहे. पुडी हाती देणे एका क्षणाचे काम; ऐकून घेण्यास अर्धा तास लागतो, आणि गर्दीच्या दवाखान्यात तोच अर्धा तास मिळत नाही.

ज्यांनी तो वेळ काढला त्यांना नवे काही सापडत गेले. १९९३ साली पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भिणींच्या आहाराची पाहणी सुरू केली. पालेभाजी, दूध व फळे ज्या आयांच्या खाण्यात वारंवार होती त्यांची मुले वजनाने चांगली निघाली, आणि निम्म्याहून अधिक आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस यांतच असते. शुद्ध यकृत अर्कात जे होते आणि विल्स यांच्या रोग्यांना ज्याने गुण येत नव्हता, तेच हे द्रव्य. महाराष्ट्राच्या खेड्यात ते आता दुसऱ्या दाराने पुढे आले.

नागपूरचे मात्र एक दुखणे ताटाबाहेरचे आहे, आणि ते न सांगता हे भाषण पुरे होणार नाही. १९४७ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथील शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातील विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींविषयी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. विदर्भातील अनेक आदिवासी, दलित व इतर बहुजन समाजांत आईबापांकडून येणारा हा दोष आढळतो. ज्या मुलाला तो दोघांकडून येतो, त्याच्या तांबड्या पेशी प्राणवायू सोडताच विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात आणि लवकर फुटतात. अशा घरातील सून गरोदर असता पांढरी पडली, तर तिला केवळ 'खात नाही' म्हणून बोल लावणे हा अन्याय होय. तिच्या अंगात लोहाची वाण नसताना लोहाच्या गोळ्यांवर गोळ्या देणे हेही चुकीचे. रक्ताची एक तपासणी हा घोळ सोडवू शकते. १९२८ सालच्या चुकीचीच ही उलटी बाजू आहे: तेव्हा ताटाचा दोष रक्ताच्या माथी मारीत, येथे रक्ताचा दोष ताटाच्या माथी मारला जातो.

तथापि एक औषध तिलाही द्यावे लागते. पेशी भराभर फुटतात म्हणून मज्जेला भराभर नव्या घडवाव्या लागतात, आणि त्या घडणीत जे द्रव्य सर्वांत आधी संपते ते फोलिक आम्ल. नागपूरच्या दवाखान्यात सिकलसेलच्या रांगेत बसलेल्या गर्भिणीच्या हातावर परिचारिका ती लहानशी पिवळी गोळी ठेवते, तेव्हा परळच्या बायकांना पहिल्यांदा भूक लावणारे द्रव्यच ती तिला देत असते.